न ठोकलेला ओंडका

ढलपीने लाकडाशी कट्टी घेतली त्याला आठवडा होत आला, तरी आजीने नातीचं ते मनावर घेतलं नव्हतं. पोरांची कट्टी पोटात कावळे ओरडायला लागले की सुटते, असं तिचं मत. पण ही सुटेना. वखारीवर पोसलेल्या घरात लाकडाशी कट्टी म्हणजे खाटकाच्या घरात कोणी बकरी दत्तक घेतल्यासारखं. पलंग लाकडी, जिना लाकडी, दारं लाकडी, भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोची चौकटसुद्धा लाकडी. पोरगी फरशीवर झोपत होती आणि न्हाणीघराच्या पत्र्याच्या दारातून ये-जा करत होती. कागद झाडापासून होतो म्हणून गृहपाठ खडूने फरशीवर लिहीत होती. मग तिची आई फडकं मारायची, आणि ही शाळेत जाऊन सांगायची, की गृहपाठ केला होता, आईने पुसला.

आज सुट्टी होती आणि सगळे जेवायला एकत्र यायचे होते. नुसतं जेवायला नाही. आजीच्या थोरल्या मुलाला आज काय तो निकाल हवा होता. करवती विकायच्या, वखारीच्या जागेवर काचेचं दुकान काढायचं, कारखान्यातून येणाऱ्या तयार फळ्या आणि कपाटं विकायची, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. आजीच्या होकाराशिवाय वखारीतली खुंटीही हलत नव्हती, म्हणून हे जेवण. आजीच्या मनात मात्र दुसरंच होतं. वखार ती ढलपीसाठी राखणार होती. दोन मुलगे झाले, दोघांनाही लाकूड म्हणजे वजन आणि लांबी. ही एकटी फळीला नाक लावून झाड सांगायची. रांगायच्या वयात ढलप्यांच्या ढिगात सापडली म्हणून तर तिचं नाव ढलपी पडलं. आणि आज सगळ्यांसमोर हे सांगायचं, तर वारसदारीणबाई दाराशी उलट्या घमेल्यावर बसून लाकडाच्या टेबलाकडे पाठ करून जेवत होत्या.

टेबलाच्या टोकाला आजोबांची खुर्ची होती. ते गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. थोरला बसला तिच्या शेजारी, पण येताना त्याने तिच्या पाठीवरून असा हात फिरवला, की आजीच्या लगेच ध्यानात आलं.

"धूळ नाहीये तिथे," आजी म्हणाली. "मी रोज पुसते."

"मी कुठे काय म्हटलं?"

"हात म्हणाला."

धाकटा हसला. मग थोरल्याने बघितल्यावर हसायचा थांबला. धाकट्याचं कायम असंच. शेवटी बोलेल त्याचं त्याला पटतं. घरातल्या भांडणात त्याचं मत हवं असेल, तर फक्त शेवटी बोलायचं, एवढंच करावं लागतं.

थोरलीने रस्सा वाढायला घेतला. वाढता वाढता तिने जावेच्या ताटात एवढासा रस्सा घातला की बटाट्याची फोडही बुडू नये. धाकटी शाळेत मास्तरीण होती आणि ढलपी तिच्याच वर्गात होती. सगळं सुरू झालं ते तिच्या धड्यापासून.

"खोकते ती रात्रभर," थोरली म्हणाली. "फरशी किती गार असते. शाळेत शिकवतात ते ठीक आहे, पण पोरांना गाद्यांवरून उठवायला कोणी सांगितलं होतं?"

"ताई, मी असं काही सांगितलं नाही."

"मग काय सांगितलंस ते सांग तरी एकदा. आम्ही अडाणी माणसं, आम्हालाही कळू दे."

धाकटीने चमचा खाली ठेवला. "जंगलाचा धडा होता. माणूस आणि जंगल, अगदी सुरुवातीपासून. जंगलाने माणसाला फळं दिली, औषधं दिली, आसरा दिला. मग माणसाने शेतीसाठी जागा मोकळी केली, घरं बांधली, आणि मग हळूहळू गरजेपेक्षा जास्त तोडत गेला. एवढंच. मुलांना म्हटलं, जंगलाने आपल्याला दिलेली एकेक वस्तू घरून आणा."

पुढचं सगळ्या गावाला पाठ होतं.

बाकीच्या पोरांनी पानं आणली होती, पेन्सिली आणल्या होत्या, एकाने मधाची बाटली आणली होती. वखारवाल्यांच्या घरून ट्रक आला. जंगलातून पहाटे भरून आलेला ट्रक वखारीत न वळवता सरळ शाळेच्या फाटकातून आत गेला, आणि त्यातला सगळ्यांत जाड ओंडका साखळीने मैदानावर उतरवला गेला. आमच्या घरून पेन्सिल गेली तर लोक काय म्हणतील, असा विचार करणाऱ्या माणसाचं ते काम. ओंडका धप्पकन पडला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापक चार शब्द बोलायला पुढे झाले, आणि ओंडक्याच्या ढोलीतून एक खार निघाली ती थेट त्यांच्या विजारीत शिरली. मुख्याध्यापक नाचले. सात-आठ पोरं हसून खाली बसली. खार कॉलरमधून बाहेर पडून भिंतीवर गेली, तोवर सगळं मजेचंच होतं.

मग पोरांनी ढोलीत डोकावून बघितलं. आत पिल्लं होती, आणि ती हलत नव्हती.

त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत खार भिंतीवर बसून किंचाळत होती. खालून ढलपी तिच्याकडे बघत होती, आणि वर्गातली पोरं ढलपीकडे.

"चूक करवत्याची आहे," थोरला म्हणाला. "ओंडका ठोकून बघणं त्याचं काम. त्याला हिशोब देऊन मोकळं करतो उद्या."

वखारीचा कायदा साधा होता. आलेला ओंडका लाकडी मोगरीने टोकापासून टोकापर्यंत ठोकायचा. भरीव लाकूड एक आवाज देतं, पोकळ दुसरा. पोकळ ओंडका करवतीवर चढला तर पट्टा तुटतो आणि एखाद्याचा हातही जातो. न ठोकता ओंडका वखारीतून हलत नसे, आजीच्या सासऱ्यांच्या काळापासून नाही. करवत्याने हा कायदा कधी मोडला नव्हता. त्या दिवशीही नाही, कारण ट्रक त्याच्यापर्यंत आलाच नव्हता. रस्त्यावर उभं राहून, हात आडवा धरून ट्रक शाळेकडे कोणी वळवला, हे घरातल्या दोनच माणसांना माहीत होतं. एक ट्रकमध्ये पुढे बसून शाळेत गेली होती. दुसरी आत्ता टेबलाच्या मधोमध बसून भात कालवत होती.

आजीने भात कालवला. मग पुन्हा कालवला.

"करवत्याला कोणी काही बोलायचं नाही," ती म्हणाली.

"का?"

"मी म्हणते म्हणून."

दाराशी घमेलं किंचित वाजलं. ढलपीने मान वळवून आजीकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर आजीला बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता येतं. पोरगी नुसती वाट बघत होती. आजीने मिठाकडे हात नेला. जेवणात मीठ बरोबर होतं.

"बरं, करवत्या राहू दे," थोरला म्हणाला. त्याने रुमालाने तोंड पुसलं, म्हणजे आता तो मुद्द्यावर येणार होता. "मी काय म्हणतो, आई, पोरगी बोलते त्यात तथ्य आहे."

थोरलीचा हात पळीसकट थांबला. "आता तुम्हीपण?"

"जग बदललं. लोकांना झाडं तोडलेली आवडत नाहीत. शाळेत शिकवतात, टीव्हीवर दाखवतात. आपल्याच घरातली पोर आपल्या खुर्चीवर बसत नाही, तर गिऱ्हाईक काय बसणार? धाकटी बरोबर शिकवते. करवत बंद करू. दुकान काढू. जंगलही वाचेल."

धाकटीच्या बाजूने थोरला बोलला, हे लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा घडत होतं. ती क्षणभर खूश झाली. पुढच्याच क्षणी, फुकट मिळालेली भाजी उलटीपालटी करून बघावी तसं तिने ते बोलणं उलटून बघितलं.

"दुकानातल्या फळ्या कशाच्या असतात, दादा?"

"बोर्डच्या."

"आणि बोर्ड?"

"कारखान्यात होतो."

"भुशाचा आणि चुऱ्याचा होतो. डिंकात कालवून दाबतात. भुसा झाडाचाच. फरक इतकाच, की तिथे झाड कुठलं होतं हे ओळखूही येत नाही."

"तू माझ्या बाजूने आहेस की नाही?"

"मी तुमच्या बाजूने कधी होते? मी जंगल शिकवते. दुकान तुम्ही त्याच्या आड लपवताय."

"बरोबर आहे तिचं," धाकटा म्हणाला.

"तू गप्प रे. काल माझं बरोबर होतं."

"तेव्हा तू शेवटी बोलला होतास."

"मग दुकानपण नको," दारातून आवाज आला.

सगळे वळले. ढलपीने ताट फरशीवर ठेवलं होतं आणि ती घमेल्यावर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. आजीला आतून बरं वाटलं. पोरगी बोलली म्हणजे भांडणार, आणि भांडणात आजी आजवर कोणाला हरली नव्हती. तिची शाळा तिसरीत सुटली ती मास्तरांशी भांडूनच.

"ये की मग इकडे," आजी म्हणाली. "सांग, काय काय शिकलीस. तुझ्या काकूचं शिकवणं फुकट गेलं नाही हे तरी कळू दे."

"मी इथूनच सांगते. आधी माणूस जंगलातच राहायचा. मग त्याला विस्तव सापडला, आणि त्याने पहिल्यांदा झाडच जाळलं."

"थंडी वाजली असेल बिचाऱ्याला. अंगात तुझ्यासारखा स्वेटर नव्हता."

"मग त्याने शेतासाठी जंगल तोडलं. मग होड्या केल्या. मग राजांनी मोठी जहाजं केली, एकमेकांची बुडवायला. एका जहाजाला अख्खा डोंगर लागायचा. आणि जहाज बुडलं की पुन्हा दुसरा डोंगर."

"राजे मूर्खच असतात. त्यांना घरचं पुसणारं कोणी नसतं."

"मग रेल्वे आली, रुळाखाली लाकडं घातली. मग कागद."

"आणि शाळेची बाकं?"

"तीपण."

"म्हणजे बाकावर बसून हे सगळं शिकलात."

"मी उभी होते."

धाकटा हसला आणि ठसका लागून पाणी प्यायला. आजीने पुढचा डाव टाकला. "आणि झाडं लावतात, ते नाही शिकवलं काकूने? तोडलं तर नवं लावायचं?"

"शिकवलं. पण लावलेलं झाड मोठं होईपर्यंत खारीने कुठे राहायचं?"

आजीने उत्तरासाठी तोंड उघडलं. मग लक्षात आलं की उत्तर नाहीये. तोंड उघडलेलंच आहे, तर काहीतरी आत घालावं म्हणून तिने भाताचा घास घेतला. थोरली हे बघत होती. या घरात आल्यापासून सासूला निरुत्तर झालेलं बघायची तिची इच्छा होती. ती आज पुरी झाली, आणि तेही आपल्याच पोटच्या पोरीकडून. तिने न मागता जावेच्या ताटात पळीभर रस्सा घातला.

"आई, काय ते करा, पण आज तिला पलंगावर झोपवा," थोरली म्हणाली. "मला वखारीचं नको, दुकानाचं नको. ह्यांना काय हवं ते ह्यांना विचारा. मला माझी पोर गादीवर हवी."

"हो, ते महत्त्वाचं," धाकटा म्हणाला.

थोरला खुर्ची मागे सारून उठला. "झालं. सगळे एक झालात. मी तो ओंडका करवतीवर चढवतो. डोळ्यांसमोर राहिला नाही, की आठवड्यात विसरेल ती. पोरंच ती."

शाळेने परत पाठवलेला ओंडका वखारीच्या दारात तसाच पडून होता. थोरला बाहेर निघाला, पण त्याच्या आधी ढलपी निघाली, न्हाणीघरातून, पत्र्याच्या दारातून, अनवाणी. आजीने हात धुतला नाही. तशीच उठली. "तू बस," ती थोरल्याला म्हणाली. "तुझ्या ताटात भात आहे अजून. टाकलास तर बघ." चाळिशी ओलांडलेला, भुवया पांढऱ्या व्हायला लागलेला तो माणूस पुन्हा ताटावर बसला.

वखारीत सुट्टीची शांतता होती. करवतीचा पट्टा सैल लोंबत होता. ढलपी ओंडक्याच्या आणि करवतीच्या मधे, जमिनीवर बसली होती. ओंडक्याला तिचा स्पर्श नव्हता. हाताच्या अंतरावरून ती त्याची राखण करत होती. ढोलीचं तोंड कोणीतरी पालापाचोळ्याने बुजवलं होतं. कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

आजी गुडघ्यावर हात देत तिच्यासमोर उतरली. खाली बसणं तिला जमायचं, उठण्याचं नंतर बघू.

"किती दिवस बसणार?"

ढलपीने गुडघे जवळ ओढले.

"मी काही म्हटलं का त्या करवत्याला? उलट वाचवलं."

ढलपीने मातीत बोटाने रेघ ओढली. "तू मला सांगितलं होतंस."

"काय सांगितलं होतं?"

"मी लहान होते तेव्हा. मी विचारलं होतं, ओंडका का ठोकायचा. तू म्हणालीस, आत कोणी आहे का ते विचारायचं. कोणाच्या घरी न विचारता जायचं नसतं."

आजीला आठवलं. तेव्हा पोरगी कडेवर होती, आणि पट्टा तुटतो, हात जातो, हे कडेवरच्या पोराला काय सांगायचं, म्हणून तोंडाला येईल ते सांगितलं होतं. पोरांना सांगितलेल्या गोष्टी आपण विसरतो. पोरं त्यांवर घर बांधून बसतात.

"तू ठोकलं नाहीस," ढलपी म्हणाली. "मी ट्रकमध्ये होते. तू म्हणालीस, हाच जाड आहे, हाच घे. आणि ठोकलं नाहीस."

म्हणून ती गप्प होती तर. आठवडाभर घरात काका, काकू, आईवडील एकमेकांच्या अंगावर जात होते, आणि पोरगी आपल्या आजीचं नाव जिभेखाली धरून फरशीवर खोकत होती. आजीकडे तीन सबबी तयार होत्या. घाई होती. मागून गाडीवाले ड्रायव्हरला ओरडत होते. मोगरी वखारीत होती. पहिली तोंडात आली आणि कडू लागली. दुसरी त्याहून. तिसरी तिने ओठापर्यंतही येऊ दिली नाही.

भिंतीच्या खुंटीला मोगरी लटकत होती, सासऱ्यांच्या हातची, दांडा हातांनी काळा झालेला. आजी ओंडक्याला धरून उठली, तिने मोगरी काढली, आणि ढलपीसमोर धरली.

"घे. आजपासून तू ठोकायचं. तू ठोकल्याशिवाय काही चढणार नाही करवतीवर."

पोरीने हात पुढे केला नाही. "इथे ठोकून काय उपयोग? इथे येतं तेव्हा झाड पडलेलंच असतं. आतले मेलेलेच असतात. तिकडे ठोकायला पाहिजे ना."

"तिकडे कुठे?"

"जंगलात. तोडायच्या आधी." मग तिने पहिल्यांदाच आजीकडे कुतूहलाने बघितलं. "आजी, जंगल कसं असतं?"

आजी सांगायला लागली आणि थांबली. ओंडका आत येतो कसा, चिरतो कसा, वाळतो कसा, कुठल्या लाकडाला पावसाळ्यात घाम फुटतो, ती झोपेत सांगेल. पण ट्रक रोज रिकामा जातो कुठे, आणि भरतो कुठे, ते तिने कधीच बघितलं नव्हतं. सासऱ्यांनी बघितलं असेल. नवऱ्याने नाही, मुलांनी नाही. लाकूड सकाळी दारात यायचं, दूध येतं तसं.

"चल," ती म्हणाली. "ट्रक काढायला सांग काकाला. तुझ्या काकूलाही घे, तिनेतरी बघितलंय का विचार."

धाकटीने बघितलं नव्हतं. चित्रात बघितलं होतं.

ट्रकचा हौदा लोखंडी होता, त्यामुळे ढलपी चढली. धाकटा चालवायला बसला, आजी पुढे त्याच्या शेजारी, आणि बाकी सगळे मागे उभे, जिथे रोज ओंडके पडतात तिथे. थोरला आधी येणार नव्हता. मग आपल्यामागे काही ठरून जाईल, या भीतीने तोही धावत येऊन लटकला. थोरलीने मागे गादी टाकली होती. पोरगी तिच्यावर बसली. तेवढ्यावर थोरलीचा दिवस सार्थकी लागला.

डांबर संपलं, खडी संपली, मग चाकोऱ्या. आजी खिडकीतून जंगलाची वाट बघत होती. आणि मग गाडी एका वळणावर आली, तर समोर डोंगर, न्हाव्याने अर्ध्यात सोडून दिलेल्या डोक्यासारखा. एका बाजूला दाट, काळंहिरवं. दुसऱ्या बाजूला थोटकंच थोटकं, नजर जाईल तिथपर्यंत, प्रत्येकाची कापलेली चकती उन्हात उघडी. नव्या चकत्या पिवळ्या होत्या, जुन्या करड्या.

वखार भरलेली असली की आजीला रात्री शांत झोप लागायची. इतकी वर्षं लागली. आज ती भरलेली वखार कुठून भरायची, ते ती बघत होती. ती ट्रकमधून उतरली, एका जुन्या थोटकाशी गेली, आणि वाकून तिने त्याला नाक लावलं. वास उडून गेला होता. पण पोत तिच्या ओळखीचा होता. असल्याच लाकडाचं टेबल होतं घरी.

"बाई," तोडीचा मुकादम टोपी सावरत आला. "तुमचा ट्रक रोज बघतो. तुम्हाला पहिल्यांदा बघतोय. ओंडका खराब निघाला का?"

"ओंडका बरा होता. आम्ही खराब निघालो," आजी म्हणाली. "उद्याचा माल कुठला आहे आमचा? दाखव."

मुकादमाने कडेची उभी झाडं दाखवली, बुंध्याला चुन्याची फुली मारलेली. आजीने मोगरी पुढे केली. ढलपीने एकदा मोगरीकडे बघितलं, एकदा फुलीकडे, आणि दोन्ही हातांनी दांडा धरला.

आठवड्यात पहिल्यांदा पोरीने लाकडाला हात लावला होता. मागे थोरलीने नाक ओढलं. कोणी तिच्याकडे बघितलं नाही.

ढलपीने ठोकलं आणि कान लावला. टोकापर्यंत चढता येत नव्हतं, म्हणून खाली चारी बाजूंनी ठोकलं. "कोणी नाही," ती म्हणाली. पुढच्या झाडाला ठोकलं. वर पानांत खळबळ झाली, आणि उंचावरच्या ढोलीतून एक टोकदार तोंड बाहेर आलं. त्याने खाली बघून अख्ख्या खानदानाला शिव्या घातल्या.

मुख्याध्यापकांच्या आठवणीने थोरल्याने विजार घट्ट धरली.

"हे झाड नको," आजी मुकादमाला म्हणाली. "इथे भाडेकरू आहेत. पुढचं दाखव."

"बाई, असं कसं? फुली मारलीये. सगळ्यांतच काही ना काही असतं. कोणी पक्षी, कोणी मुंग्या."

"मुंग्यांचं नंतर बघू. पुसून टाक फुली."

"पण मोकळं झाड शोधत बसलो तर तुमचा ट्रक अर्धाही भरायचा नाही."

"मग अर्धा पाठव. आणि तो मोकळा पट्टा आहे ना थोटकांचा, तिथे रोपं लावायला माणसं हवी असतील तर सांग. आमच्याकडे दोन मुलगे आहेत, त्यांना घरी बसून नुसती मतं येतात."

"आई," थोरला जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "असं केलं तर वखार चालायची नाही."

"चालेल. हळू चालेल. माझ्यासारखी." तिने त्याच्या बाहीवर बसलेलं पान झटकलं. "आणि नाही चालली, तर काढ मग तुझं दुकान. पण तुझ्या एकेका फळीलापण ही ठोकून बघेल, हे ध्यानात ठेव."

धाकटी पोरीच्या मागे मागे फिरत होती. शिकवायचं काही नव्हतं, म्हणून ती ठोकल्यावर कान लावायची पाळी मागत होती. "वर्गाला आणीन इथे," ती म्हणाली. "सगळ्यांना."

"मुख्याध्यापकांनाही आण," आजी म्हणाली. "खारीला त्यांची आठवण येत असेल."

ऊन उतरेपर्यंत चुन्याच्या बऱ्याच फुल्या पुसून झाल्या आणि काही तशाच राहिल्या. कुठली पुसायची, कुठली ठेवायची, ते ढलपीनेच सांगितलं, आणि राहिलेल्या झाडांपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. ट्रक रिकामाच परतला. येताना धाकट्याची पंचाईत झाली. सहमत व्हायला कोणी सापडेना.

घरी टेबल तसंच मांडलेलं होतं, ताटांत भात सुकलेला. ढलपी आली ती समोरच्या दारातून. दाराच्या फळीवर तिने बोटाच्या पेराने टक् केलं, ऐकलं, आणि आत आली. टेबलाला टक् केलं. आपल्या नेहमीच्या खुर्चीजवळून ती पुढे गेली, आणि टोकाच्या खुर्चीपाशी थांबली.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. थोरल्याचा हात मघासारखा उठला आणि अर्ध्यातच खाली आला.

ढलपीने आजोबांच्या खुर्चीच्या पाठीला टक् केलं. कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आजोबा नाहीत आत," ती म्हणाली, आणि खुर्चीवर चढून बसली. तिचे पाय फरशीपासून वर लोंबत होते.

"नाहीत," आजी म्हणाली. ती तिच्या शेजारी बसली, जिथे दुपारी थोरला बसला होता. "असते तर एव्हाना ओरडले असते, की पोर उपाशी बसलीये आणि रस्सा अजून गरम कसा झाला नाही."

थोरली रस्सा गरम करायला गेली.